ठेवली की झोपते

सोमवार, ३

पाळणाघर बघून आले. पाळणाघरात पाळणा नाही! भिंतीला लावून बारा गाद्या, प्रत्येक गादीवर एका प्राण्याचं चित्र. आमच्या बाईसाहेबांसाठी कासव मोकळं आहे. बाईसाहेब म्हणजे माझी मुलगी. वय सात महिने, वजन साडेसात किलो, अटी अनंत.

पाळणाघराच्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "साडेबाराला सगळी मुलं झोपतात. आपली आपण. आमच्याकडे मावश्या दोन, म्हणजे मांड्या चार. बारा मुलांना पुरतील का, तुम्हीच सांगा."

"आमची झोपते की आपली आपण!" मी म्हटलं. इतकं सराईत खोटं मी एरवी फक्त ऑपरेशनच्या टेबलापाशी बोलते - 'काही दुखणार नाही हं.'

बाईंनी मुलाखती घेण्यात मुरलेल्या माणसासारखं माझ्याकडे पाहिलं. "बघू. १९ ते २१ चाचणी. झोपली तर कासव तुमचं. नाही झोपली तर रांगेत पुढचं नाव आहे."

२४ला मला कामावर हजर व्हायचंय. रजा संपली, वाढवून मागितलेली रजाही संपली. दुसरं पाळणाघर पुढच्या वर्षी जागा देतंय. नोकरी सोडायची नाही, हे मी नवऱ्याला तीनदा सांगून झालंय. तो सोड म्हणालेलाच नाही, तरी.

यातली खरी गंमत अशी, की माझा धंदाच माणसं झोपवण्याचा! तेरा वर्षं भूल देतेय. दहापासून उलटे आकडे मोजायला सांगते. भलेभले सातच्या पुढे गेलेले नाहीत. आणि साडेसात किलोच्या या पेशंटपुढे रोज दुपारी हात टेकते.

मंगळवार, ४

आजची दुपार, नोंद म्हणून: साडेबाराला खांद्यावर घेतली. बेडरूम ते बाल्कनी छत्तीस फेऱ्या. मग मांडी. एक वाजून दहाला डोळा लागला. श्वास रोखून कॉटमध्ये ठेवली. एक मिनिट शांतता. आणि डोळे टक्क! वर माझ्याकडे अशी बघते, जणू मीच काहीतरी चोरताना सापडले.

रात्री नवरा ठेवतो. तेव्हा झोपते. "माझ्या हाताला गुण आहे," म्हणतो. याच हाताने आठवड्यातून एकदा घराची किल्ली हरवते.

सकाळची साडेनऊची झोप सासूबाईंकडे. बाळंतपणाला आल्या त्या अजून आहेत, २३ला जायच्यात. मी काकुळतीला येऊन विचारलं, "आई, तुम्ही नक्की काय करता हो?"

"काही करावं लागत नाही गं. ठेवली की झोपते."

ठेवली की झोपते! मी आंघोळ करून आत डोकावते तर रोज काय दिसतं? पोरगी यांच्या मांडीवर गाढ. म्हणजे मांडीवर ठेवली की झोपते. हो का! मला वाटलं काही गुपित असेल.

हसून सोडून दिलं.

बुधवार, ५

नवऱ्याने फोनवरून एक झोप-सल्लागार गाठली. असाही व्यवसाय असतो. आवाज इतका मऊ, की नवऱ्यालाच पेंग आली.

तिचं म्हणणं - बाळ पेंगुळलेलं हवं, पण जागं हवं. तसंच कॉटमध्ये ठेवायचं. शेजारी खुर्ची टाकून गप्प बसायचं. दर दिवशी खुर्ची दाराकडे सरकवायची. शेवटी खुर्ची दाराबाहेर, बाळ आत, आणि सगळे सुखी.

नवरा पुलांचे आराखडे काढतो, त्यामुळे त्याला कशाचाही आराखडा काढता येतो. त्याने फरश्या मोजल्या. कॉट ते दार नऊ. भिंतीवर तक्ता लावला - तारीख, ठेवल्याची वेळ, झोपल्याची वेळ, खुर्ची कितव्या फरशीवर. मी पाच-पाच मिनिटांचे रकाने वाढवले. दर पाच मिनिटांनी नोंद केली नाही तर माझा हात खाजतो, धंद्याचा गुण.

"मुख्य म्हणजे," नवरा वाचत होता, "घरातल्या सगळ्यांनी एकच पद्धत पाळायची. मांडी बंद."

सगळ्यांनी म्हणजे कोणी, हे न सांगताही आम्ही दोघांनी एकाच दिशेला पाहिलं. सासूबाई चहात बिस्किट बुडवून बसल्या होत्या. बिस्किट तुटून आत पडलं.

"बरं," म्हणाल्या.

गुरुवार, ६

खुर्ची पहिल्या फरशीवर. बाईसाहेब रडून-रडून पेंगुळल्या, डोळे मिटले, मिटले - आणि टक्क. असं तीनदा. शेवटी उचलली. तक्त्यावर नवऱ्याने 'प्रगतिपथावर' लिहिलंय. पूल पडला तरी हा असंच लिहील.

शुक्रवार, ७

रडणं पन्नास मिनिटं. तिचं. माझं अकरा.

शनिवार, ८

सापडल्या! पावणेदहाला ओल्या केसांनी आत गेले, तर सासूबाई पलंगावर, पाठ भिंतीला, आणि बाईसाहेब मांडीवर. तोंड उघडं, एक हात लोंबतोय.

"आई, आपलं ठरलं होतं ना?"

"हळू बोल, उठेल."

"मांडी बंद म्हणून ठरलं होतं. मी दुपारी एवढं रडवून शिकवते आणि तुम्ही सकाळी सगळं धुऊन टाकता!"

"तिला ठेवलं तेव्हा ती—"

"ठेवली की झोपते. माहितीये मला."

ती उठू नये म्हणून त्या दहा वाजेपर्यंत तशाच बसून राहिल्या. मी बाहेर भांडी जरा जास्तच आवाज करत लावली.

सोमवार, १०

आमच्या सर्जनचा फोन. "मॅडम, २४ पक्की ना? तुमच्या जागी आलेला तो मुलगा पेशंटला झोपवण्याआधी एवढ्या गप्पा मारतो, की मीच झोपतो."

छान वाटलं, खोटं कशाला बोलू. सात महिन्यांत कोणीतरी पहिल्यांदा मला मॅडम म्हणालं. मी "पक्की" म्हटलं, तेव्हा ओढणीला दुधाचा वास येत होता आणि आत पेशंट किंचाळत होती.

दुपार: चौथी फरशी. मिटले, टक्क. मिटले, टक्क.

मंगळवार, ११

एक हलकं काम केलं. लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला माझ्याबद्दल फार चांगलं मत होणार नाही.

जुना फोन कपाटावर, कापडी सशाच्या मागे, चालू करून ठेवला. कॅमेरा कॉटवर. सकाळच्या झोपेत सासूबाई काय करतात त्याचा पुरावा हवा होता. नवरा म्हणाला, "माझ्या आईवर पाळत?" म्हटलं, "तुझ्या आईवर नाही, पद्धतीवर." त्याला वाक्य पटलं. त्याला तांत्रिक वाटलं की काहीही पटतं.

साडेनऊला सासूबाई पोरीला घेऊन आत गेल्या. दोन मिनिटांत बाहेर. पोरगी माझ्या हातात दिली. "आज तूच झोपव. मी जरा पाय मोकळे करून येते."

गेल्या. मग मीच झोपवली. म्हणजे झोपवली नाही - मिटले, टक्क.

बुधवार, १२

काल संध्याकाळचं आज लिहितेय. काल पेन धरवेना.

नवऱ्याने जुन्या फोनमधलं चित्रण लावून बघितलं. अर्थातच त्यात सासूबाई कॉटपाशी आल्याच नव्हत्या, मीच होते. "चल, पुसून टाक," मी म्हणाले. तो म्हणाला, "थांब, हे काय?"

परत लावलं. मी खुर्चीत, पाचव्या फरशीवर. पोरगी हुंदके देत-देत शांत होते. डोळे मिटतात. श्वास संथ. आणि मी खुर्चीतून उठते, कॉटवर वाकते, दोन बोटं तिच्या हनुवटीखाली घालते आणि हनुवटी वर उचलते. टक्क!

मला उठल्याचं आठवतच नाही! शपथ घेऊन सांगते, आठवत नाही. नवऱ्याने चारदा मागे नेऊन दाखवलं. चारही वेळा तीच बाई, तीच बोटं.

कोणी झोपलं की हनुवटी वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. भूल चढल्या क्षणी हात आपसूक जातो. तेरा वर्षं, दिवसाला पाच-सहा माणसं. मांडीवर असताना तिची मान आधीच माझ्या कोपरावर मागे असते, म्हणून हात गप्प. कॉटमध्ये आडवी झाली, की हात निघाला कामाला! सात महिने हिला दुपारी कोण उठवतंय? सात महिने मीच!

नवरा हसत सुटला. मीही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि मग मागून सासूबाईंचा आवाज, "म्हणजे सशामागे तो माझ्यासाठी ठेवला होता तर."

त्यांनी सकाळीच पाहिला होता.

नवरा म्हणाला, "आई, तसं नाही." मी तर तेवढंही म्हणाले नाही. तोंड उघडलंच नाही. एरवी एवढं चालतं.

गुरुवार, १३

सासूबाईंनी जाणं अलीकडे आणलं. उद्याच निघतायत. "मुलीकडे मदत लागेल, तिचे दिवस भरत आलेत." नणंदेला अजून दोन महिने आहेत. मला हिशेब येतो. त्यांनाही येतो.

संध्याकाळी स्वयंपाकघरात दोनदा माफी मागायला गेले. एकदा मीठ घेऊन परतले, एकदा काहीच न घेता.

शुक्रवार, १४

गेल्या. टॅक्सी खाली भोंगा वाजवत होती, तरी पोरीला दहा मिनिटं घेऊन उभ्या होत्या. पोरगी त्यांच्या चष्म्याची दांडी चावत होती. मला देताना म्हणाल्या, "ठेवली की झोपते. लक्षात ठेव."

"हो आई," म्हटलं. टोमणा असेल असं वाटलं. मी मारला असता.

घर एकदम मोठं झालंय. चाचणी नापास झाली तर आता पोरीला सांभाळायला कोणी नाही. म्हणजे मी आहे. म्हणजे काम नाही. हे सगळं मी माझ्या दोन बोटांनी जमवलंय.

शनिवार, १५

हात मांड्यांखाली दाबून खुर्चीत बसले. डोळे मिटले आणि माझे हात वळवळायला लागले. खरंच! जणू दुसऱ्या कोणाचे आहेत. दाबून धरले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. पोरगी झोपलेली!

पस्तीस मिनिटं झोपली. माझ्या हातांना मुंग्या आल्या. नवऱ्याने तक्त्यावर भला मोठा ठिपका काढला आणि मला विचारलं, "रडतेस का?" म्हटलं, "मुंग्या."

सोमवार, १७

खुर्ची दारात, नवव्या फरशीवर. अठरा मिनिटांत झोपली. मी चाळीस मिनिटं तिथेच बसून श्वास मोजले. मिनिटाला अठ्ठावीस. उत्तम. कोणी विचारलेलं नाही.

उद्या दार ओढून घ्यायचंय.

मंगळवार, १८

दार ओढलं.

दाराच्या या बाजूला बसून लिहितेय. अक्षर वाईट येतंय. मला प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती - झोपलेल्याजवळून उठायचं नाही. सर्जन हात धुवायला जातो, सिस्टर पाणी प्यायला जाते, भूल देणारा हलत नाही. चहा आला तरी नाही, फोन वाजला तरी नाही. माणूस डोळे उघडून स्वतःचं नाव सांगेपर्यंत आपण तिथेच. तेरा वर्षांत एकदाही उठले नाही. आणि आज माझीच पोरगी झोपलीये आणि मी उठून आले.

भीती वाटते. एवढंच आहे ते. बाकी सगळी पद्धत-बिद्धत, तक्ता-बिक्ता, सगळं याच्यावर घातलेलं पांघरूण.

पन्नास मिनिटं झोपली. आपली आपण. आपली आपण उठली आणि स्वतःच्या पायाच्या अंगठ्याशी गप्पा मारत पडली. माझी आठवणही काढली नाही, बया.

बुधवार, १९

चाचणी, दिवस पहिला. नापास.

मी पाळणाघराच्या खिडकीशी उभी होते. पडद्याआड. बारा मुलांपैकी अकरा झोपली. कासवावरची बारावी मान वळवून खिडकीकडे बघत रडत राहिली. बाई बाहेर आल्या. "तुम्ही गेला नाहीत?"

"मी पडद्याआड होते."

"तुमच्या चपला दिसतायत पडद्याखालून. मला दिसतात, तिला दिसणार नाहीत?" मग जरा हळू आवाजात, "जा हो तुम्ही. आम्ही आहोत ना इथे. कोणीतरी कायम बसलेलं असतं त्यांच्याजवळ."

"कायम?"

"कायम. मावश्या आळीपाळीने जेवतात."

हे आधी सांगितलं असतं तर!

गुरुवार, २०

गेले. कुठे जाणार - शेजारीच हॉस्पिटल. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर बसून राहिले. सर्जन दिसला. "चार दिवस आधीच?" "हवा बघायला आले." तो गप्पिष्ट मुलगा आतून पेशंटला स्वतःच्या गावाची सगळी माहिती देत होता.

पाऊण वाजता फोन. बाई. "झोपली. कासवावर. बावीस मिनिटं कुरकुरली आणि झोपली."

बाकावरूनच नवऱ्याला फोन लावला.

शुक्रवार, २१

नऊ मिनिटं! कासव आमचं. नवऱ्याने तक्ता भिंतीवरून काढून गुंडाळून ठेवला, "नणंदेला देऊ," म्हणाला. म्हटलं, "तुझी बहीण आहे. तिला 'नणंद' तू म्हणू नकोस."

सोमवार, २४

कामावर. पहिलाच पेशंट एक आजोबा. घाबरलेले. मास्क लावताना माझा हात धरून म्हणाले, "तुम्ही इथेच थांबणार ना?"

"इथेच," म्हटलं. दहा, नऊ, आठ. हनुवटी वर. सुख!

साडेबाराला घड्याळाकडे पाहिलं. मग परत आजोबांकडे.

गुरुवार, २७

शेवटी फोन केला. तेरा दिवस लागले. "आई, चुकलं माझं. कॅमेऱ्याचं."

"असू दे गं. झोपते का पोर?"

"झोपते. पाळणाघरात सगळ्यांच्या आधी. पण मला आता तरी सांगा, सकाळी तुम्ही काय करायचात?"

"सांगितलं होतं की. ठेवली की झोपते."

"अहो, पण मांडीवर असायची ना ती रोज!"

त्या म्हणाल्या, "कॉटमध्येच ठेवायचे. पाच मिनिटांत झोपायची, आपली आपण. पहिल्यापासून. मग उचलून घ्यायचे."

"झोपलेल्या मुलीला? कशाला?"

"अगं, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते ना. निघायचे तेव्हा तुझा नवरा झोपलेला, यायचे तेव्हा झोपलेला. शेजारच्या काकू सांभाळायच्या. म्हणायच्या, उचलू नको हं, उठला तर तू बसशील का जागत? म्हणून नुसता बघायचे. हिला एकदा भीत-भीत उचलली, तर उठली नाही. मग रोजच उचलायला लागले."

मांडी पकडली त्या शनिवारी मी त्यांचं वाक्य अर्ध्यात तोडलं होतं. पूर्ण होऊ दिलं असतं तर खुर्ची, फरश्या, ससा, पन्नास मिनिटांचं रडणं, काहीच नको होतं. पोरीला शिकवायला निघाले होते. तिला पहिल्यापासून येत होतं.

"आई, परत कधी येताय?" एवढंच विचारलं.

"बोलाव की," म्हणाल्या.

रविवार, ३०

साडेबाराला ठेवली. सहा मिनिटांत झोपली, आपली आपण.

एक वाजता आत गेले आणि उचलली. उठली नाही.

अडीचपर्यंत मांडीवर घेऊन बसले. नवरा दारात येऊन उभा राहिला. "अगं! आणि पद्धत?"

"हळू बोल," म्हटलं. "ठेवली की झोपते."